बाबांचा क्लब आणि मिश्राजींची जागा

बाबा आज सकाळी गेले. आमचं भांडण मिटायचं राहिलं.

"झोपेतच गेले, भाग्यवान." येणारा प्रत्येक जण हेच म्हणतोय. असतील भाग्यवान. मी मात्र दुपारपासून या खोलीतून त्या खोलीत फिरतेय.

म्हणून लिहून टाकते.

नव्वदच्या दशकातलं लखनौ. बाबा रेल्वेत इंजिनिअर, मूळचे साताऱ्याचे. आम्ही आलमबागच्या रेल्वे कॉलनीत राहायचो. बाबा माझ्याशी मराठीत बोलायचे, मी हिंदीत उत्तर द्यायचे, आणि त्यात दोघांनाही काही वावगं वाटत नसे.

कॉलनीच्या मैदानावर त्यांचा फुटबॉल क्लब होता. सनराइज. जिल्हा लीगच्या अगदी खालच्या डिव्हिजनमध्ये. जर्सी मूळच्या लाल, धुऊन धुऊन गुलाबी झालेल्या.

क्लबचा नियम एकच.

मॅचच्या सकाळी येऊन मैदानावर चुन्याच्या रेषा आखायच्या. आखायला आलेले पहिले अकरा जण खेळणार. उशिरा येणारा बाहेर बसणार, मग तो कितीही भारी प्लेअर असो. अकरांपैकी कुणाला लागलं, तरच बाहेरचा आत.

आई म्हणायची, "हा क्लब आहे की श्रमदान?"

मग एका वर्षी असोसिएशनने लीगची नवी रचना काढली. खालचे डिव्हिजन एकत्र करायचे आणि सीझनअखेर वरच्या क्रमांकावर असलेले निम्मेच क्लब ठेवायचे. बाकीच्यांनी मोठ्या क्लबात विलीन व्हावं, नाहीतर गाशा गुंडाळावा.

मीटिंग हजरतगंजला होती. बाबा मला स्कूटरवर घेऊन गेले. मी मागच्या रांगेत सामोसा खात बसले होते आणि बाबा बोलायला उभे राहिले.

"छोटे क्लब बंद कर देंगे, तो जो लड़का बड़े क्लब के लायक नहीं है, वो कहाँ खेलेगा?"

सेक्रेटरी हसले. "तांबे साहब, जो लायक नहीं है, वो खेले ही क्यों?"

येताना बाबांनी स्कूटर भलतीच जोरात चालवली.

सीझन संपत आला आणि सगळं शेवटच्या मॅचवर येऊन ठेपलं. ड्रॉ झाली तरी सनराइज वाचणार होता.

आमच्याकडे शकील होता. अमीनाबादच्या एका बेकरीत काम करायचा. त्याच्या पायात बॉल आला की समोरचे डिफेंडर आपोआप मागे सरकायचे.

त्या दिवशी नेमकी बेकरीत मोठी ऑर्डर निघाली. तो सायकल दामटत, धापा टाकत पोचला, तेव्हा मॅच सुरू व्हायची होती. पण रेषा आखून झाल्या होत्या.

अकरावे होते मिश्राजी. पोस्टात क्लार्क, चाळिशी उलटलेली, पोट सुटलेलं. रेषा आखायला एकही रविवार न चुकवणारे.

"सर, आज के दिन तो..." पोरांनी विनवलं.

"नियम आहे," बाबा मराठीतच म्हणाले. चिडले की त्यांना हिंदी सुचत नसे.

हाफटाइमला आम्ही एका गोलने मागे. पोरं परत बाबांना बिलगली. मिश्राजी बाजूला मान खाली घालून पाणी पीत बसले होते.

मीही मध्ये घुसले. "बाबा, प्लीज़, शकील को भेजो।"

बाबा हळू आवाजात म्हणाले, "मग मिश्राजींना काय सांगू? तुम्ही फक्त चुना टाकायला येत जा?"

शेवटी शेवटी बॉल मिश्राजींच्या पायाशी आला. गोलकीपर पडलेला, समोर अख्खा गोल रिकामा. त्यांनी बाहेर मारला.

सनराइज संपला.

शकीलला लगेच मोठ्या क्लबने उचललं. बाकीची पोरं काही रविवार कॉलनीच्या गेटपाशी येऊन उभी राहायची. मग तीही यायची थांबली.

रविवारी सकाळी बाबा घरात दिसायला लागले. आम्हाला त्यांची सवय नव्हती, त्यांनाही आमची नव्हती.

यावरून मी त्यांच्याशी वर्षानुवर्षं भांडले. पुढे इंदिरा नगरच्या या घरात, जेवताना, फोनवर, एकदा तर माझ्या लग्नाची यादी करताना.

मी म्हणायचे, एका माणसाचं मन राखायला तुम्ही सगळा क्लब घालवलात.

ते म्हणायचे, त्या माणसाला उठवलं असतं तर वाचवण्यासारखं उरलं काय असतं?

उत्तर चांगलं आहे. मला कधीच पटलं नाही.

आज दुपारी मिश्राजी आले. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या वृंदावन योजना कॉलनीतून, ऑटो करून, इतक्या उन्हात. किती वर्षांनी पाहिलं त्यांना, फार थकलेत. बाबांच्या पायांना हात लावला आणि माझ्या शेजारी येऊन बसले.

मला राहवेना. विचारलंच.

"अंकल, उस दिन बाबा आपको बिठा देते, तो बुरा लगता आपको?"

"बुरा क्यों लगता, बिटिया? मैं तो तैयार बैठा था। क्लब बच जाता, तो अगले इतवार फिर आ जाता।"

मग म्हणाले, "किसी ने पूछा ही नहीं।"

कुणीच नाही विचारलं. बाबांनी नाही, मी नाही, पोरांनी नाही. मिश्राजींच्या मानावरून आम्ही बापलेक जन्मभर भांडलो, आणि मिश्राजी तिथेच बसलेले होते.

मी उठून बाबांपाशी गेले. सवयीने तोंड उघडलं, आता बोला म्हणून.

बाबा, तुमची बाकी सगळी उत्तरं मला पाठ आहेत. यावर तुम्ही काय म्हणाला असता, ते कितीही डोकं खाजवलं तरी सुचत नाहीये. संध्याकाळी तुम्हाला नेलं.

श्रद्धांजली, बाबा. रागासकट.