कोंडवाड्याचं पेन्शन

कोंडवाड्याच्या फाटकात उभे राहून डोमाभाऊ आत आलेल्या प्रत्येक जनावराला आधी दम द्यायचे. "काऊन बे, मागच्या बाजारी सोडलो होतो नाई तुले? लाज नाई वाटत?" आवाज असा, की आमच्या गावात ते बैलावर ओरडले तर तिकडं कुरखेड्याच्या कचेरीत शिपाई उठून उभा राहायचा. बैल मान खाली घालायचा. एका गोऱ्ह्याच्या डोळ्यांत तर पाणी आलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. दम देऊन झाला की डोमाभाऊ त्याच बैलापुढं स्वतःच्या घरचं तणस, धानाचा पेंढा, टाकायचे.

दुसऱ्याच्या धानात शिरलेलं जनावर धरून आणायचं, कोंडायचं, आणि मालकानं दंड भरून सोडवून न्यायचं, असा तो कारभार. दंड जनपद सभेच्या, म्हणजे तालुक्याचा कारभार पाहणाऱ्या सभेच्या, तिजोरीत. जनावर रात्री राहिलं तर दंडावर चाऱ्याचा खर्चही चढायचा. तो चढू नये म्हणून डोमाभाऊ दिवस मावळायच्या आत मालकाच्या दारात हजर. "ढोराले का ठावं, कोनाची बांधी कोनती?" ते म्हणायचे. "त्याले हिरवं दिसते. तुमाले तं दिसते नं, कोनाचं हाय ते?" एवढं ऐकवून मालकाला स्वतःच फाटकापर्यंत घेऊन यायचे.

मी सभेच्या शाळेत मास्तर, म्हणजे दोघांचा अन्नदाता एकच. त्या अन्नदात्याची अवस्था काय सांगावी! नागपूरची राजधानी गेली, आम्ही मुंबई राज्यात आलो आणि सभेचं अनुदान वाटेत कुठं तरी रस्ता चुकलं. नागपूर म्हणे मुंबईला विचारा. मुंबई म्हणे, हे गाव नक्की आहे कुठं? तिजोरी अशी कोरडी पडली की तिच्यातली झुरळं टपालकचेरीत नोकरी शोधायला गेली. माझा पगार इतक्या उशिरानं व्हायचा की मधल्या काळात बायको मला परका माणूस समजून डोक्यावर पदर घ्यायची.

नेमक्या त्याच वर्षी एका म्हशीनं फाटकात डोमाभाऊंचा गुडघा फोडला आणि सभेनं त्यांना निवृत्त केलं. हार झाला, नारळ झाला. मग पेन्शनचा विषय निघाला. पैसा तर नव्हता, पण सेक्रेटरीसाहेब हुशार. त्यांनी ठराव वाचला : नोकर ज्या खात्यातून निवृत्त होईल, त्याच खात्याच्या उत्पन्नातून त्याला पेन्शन द्यावं. नावाड्याला नदीघाटाच्या उताराच्या पैशातून, झाडूवाल्याला बाजाराच्या वसुलीतून, डोमाभाऊंना कोंडवाड्याच्या दंडातून.

"आणि मास्तरांना?" मी विचारलं.

"नापास पोरांवर दंड बसवू," अध्यक्ष म्हणाले. सगळी सभा हसली.

डोमाभाऊ हसले नाहीत. "म्हंजे लोकाईची ढोरं धरली, तवाच मी जेवन?"

"तसं नव्हे हो. उत्पन्नाच्या प्रमाणात."

"म्हंजे तसंच," डोमाभाऊ म्हणाले आणि नारळ घेऊन घरी गेले.

आमचा मुलूख धानाचा. धान निसवायला लागलं, लोंब्या बाहेर पडल्या, की गुरं बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, शिरतात आणि कोंडवाडा भरतो. कापणी झाली की सगळं शिवार गुरांना मोकळं. मग उन्हाळाभर कोण कोणाचं जनावर धरणार? त्यामुळं डोमाभाऊंचं पेन्शनही धानाबरोबर निसवायचं आणि धानाबरोबर कापलं जायचं. बरं, जे मिळायचं तेही सुखानं नाही. ज्याची म्हैस कोंडली जाई तो आधी डोमाभाऊंच्या घराकडं बघे. पानठेल्यावरून आवाज यायचा, "काऊन डोमाभाऊ, आज कोनाच्या म्हशीवर जेवले?"

आणि हा माणूस काय करायचा? एखादा बैल बांधीकडं निघालेला दिसला की लंगडत धावून त्याला हाकलायचा. त्यांची बायको पार्बताबाई दम्यानं वाकलेली. ती अंगणातून ओरडायची, "हाकलता काऊन? तो आपला भात होय नं!"

"मंग का करू? आत जाय म्हनू त्याले?"

तिसऱ्या उन्हाळ्यात पार्बताबाईंनी अंथरूण धरलं. वैद्यानं औषध उधार द्यायचं थांबवलं. सभेच्या आवारात वनमहोत्सवाची रोपं होती. चहूकडं शंभर कोस जंगल, आणि मधोमध आमची ही वीतभर रोपं, काट्यांच्या कुंपणात! त्यांना तोंड लावणारं जनावर मात्र उन्हाळ्यातही धरता यायचं. एका सकाळी शाळेच्या ओसरीतून मी पाहिलं, डोमाभाऊंनी कुंपणाचा काटा बाजूला केला आणि रस्त्यावरच्या पांढऱ्या गाईला हाक मारली, "ये माय, ये." गाय चैतीबाई मडावीची. कितीदा तरी त्यांच्या हातचं तणस खाल्लेली. दावं नाही, काठी नाही, आवाजावर आली. दोन रोपं खाल्ली, आणि शिपायानं तिला कोंडवाड्यात नेलं.

संध्याकाळी मी पार्बताबाईंची विचारपूस करायला गेलो होतो. तेवढ्यात चैतीबाई आली. दिवसभर रानात मोहाची फुलं वेचून आलेली, टोपली अजून डोक्यावर. कोंडवाड्याकडं न जाता ती सरळ इथंच आली.

"भाऊ, माही गाय कोंडली. तुमी सांगा नं त्याईले, दंड थोडा कमी करा म्हना."

डोमाभाऊ जमिनीकडं बघत म्हणाले, "मीच कोंडवलो."

"कायले?"

आतून खोकला आला. चैतीबाईनं दारातून अंथरुणाकडं पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

"मंग आता पेन्शन भेटल नं तुमाले?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर डोमाभाऊंनी झेलला असता.

"भेटल," ते म्हणाले.

"मंग पूरा दंड भरीन मी. कमी नका करू म्हना." आणि ती टोपली घेऊन मोहवाल्या व्यापाऱ्याकडं गेली.

त्या पैशातून औषध आलं. पार्बताबाई उठून बसल्या. डोमाभाऊ मात्र दुसऱ्याच दिवशी सभेत जाऊन उभे राहिले, "पेन्शनातलं माह्यं नाव काटा."

"राजीखुशीनं?" सेक्रेटरींनी विचारलं. अंगठा घेताना त्यांचा चेहरा असा उजळला होता की त्या उजेडात अंदाजपत्रक वाचता आलं असतं. पुढच्या बैठकीत अध्यक्षांनी खर्चाची एक बाब कमी झाल्याबद्दल समाधान व्यक्त केलं.

नंतर डोमाभाऊ घरी सांगत, मास्तराकडं जेवलो. माझ्याकडं आले की सांगत, घरून जेवून निघालो. माझी बायको आणि पार्बताबाई एकदा विहिरीवर बोलल्या, तेव्हा दोघींना कळलं. तोवर आश्विन आला होता आणि डोमाभाऊंच्या अंगात काही उरलं नव्हतं. धान ऐन निसवलेलं असताना ते गेले.

त्या आठवड्यात कोंडवाडा कधी नव्हता इतका भरला होता. मसणवाट तिथूनच जाते. तिरडी फाटकासमोर आली तेव्हा जनावरांनी हंबरडा फोडला, कुडाण मोडून ती मागोमाग निघाली, असं सांगायला मला किती आवडलं असतं! तसं काही झालं नाही. चाऱ्याचा खर्च सभेनं त्या वर्षी निम्मा केला होता. जनावरं उपाशी, मुकाट उभी होती. दंड भरायला आलेल्या मालकांची रांग रस्त्यावर आडवी पसरली होती. त्यांनी डोक्यावरची मुंडाशी काढली आणि तिरडीला वाट दिली. आम्ही पुढं गेलो. मी मागं वळून पाहिलं, तेव्हा रांग पुन्हा लागलेली होती.