भेटायला कोण कोण आलं?

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मी अमरावतीच्या कोविड हॉस्पिटलच्या कंट्रोल रूममध्ये फोनवर बसायचे. पेशंट सापडला की विचारायचं, "भेटायला कोण कोण आलं होतं?" त्यावरून रोग पुढे कुठे जाणार ते कळायचं. आमच्याकडे आजाऱ्याला पाहायला न जाणं म्हणजे वैरच.

चांदूर बाजारकडचे एक म्हातारे धापा टाकत, पण अभिमानानं म्हणाले, "सारं गाव आलं, बाई. कोनी राह्यलं नाई."

मी ओरडलेच, "काहून येऊ दिलं?"

"मंग काय दारातून वापस धाडू?"

आठवड्याभरात आमच्याकडे एकही बेड उरला नाही. मग त्यांच्या मुलाचा फोन आला. म्हातारे गेले होते.

"मातीले कोनीच येऊन नाई राह्यलं, मॅडम. तुमी तरी सांगा ना लोकाइले."

कोणाला सांगू? सारं गाव आमच्या वॉर्डात ऑक्सिजनवर होतं.