काचेच्या कपाटातला अमेरिकी डबा

पंचवटीत भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत एक वैद्य बसत असे. त्याच्याविषयी मी कधी चांगलं बोलले नाही आणि आता तो हयात नाही म्हणून बोलणारही नाही. माझा भाऊ म्हणतो, सोड आता. त्याला सोडायला काय जातं, तो तिकडे अमेरिकेत. आईला धरून मोरीपर्यंत नेत होते ती मी.

नव्वदच्या दशकात आईचे गुडघे धरले. वडील ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि लवकरच गेले, त्यामुळे घरात आम्ही दोघीच. मी शाळेत शिकवायला जाई आणि दर मंगळवारी आई रिक्षा करून वैद्याकडे. मंगळवारीच का, तर उपाशीपोटी नाडी बघायचा त्याचा तो वार. नामपूर, पेठ, कुठून कुठून माणसं पहिल्या एस्टीनं येऊन त्याच्या ओट्यावर ताटकळत बसत. तो नाडी धरून डोळे मिटे, राखाडी भुकटीच्या पुड्या बांधून देई आणि वर पथ्य सांगे. आंबट नाही, वांगं नाही, दही तर नाहीच नाही.

या पथ्यावर त्याचं सगळं दुकान उभं होतं. गुण आला तर तो पुडीचा. नाही आला तर रोग्यानं पथ्य मोडलं. माणसं खालमानेनं परत जात, आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा येत.

आईला गुण आला, तोही झटपट. ती जिना चढू लागली, चेहरा भरला, गाल गरगरीत झाले. शेजारणी म्हणत, "तब्येत छान सुधारली हो." मीही खूश होते. पुढे काही वर्षांत तिची साखर वाढली, कातडी इतकी पातळ झाली की नुसता हात लागला तरी काळंनिळं पडे. मग एकदा ती मोरीत जराशी घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. हाडांच्या डॉक्टरांनी तिच्या चेहऱ्याकडे बघून पहिलाच प्रश्न विचारला, "आजी, पुड्या कुणाच्या घेता?" मला बाहेर नेऊन त्यांनी सांगितलं, की पुडीत स्टेरॉइड मिसळलेलं असणार. त्यानं दुखणं थांबतं, चेहरा फुगतो आणि आतून हाडं पोकळ होतात.

मी तशीच तडक वैद्याकडे गेले. तो जागचा हलला नाही. "ताई, आईनं पथ्य मोडलं असणार. विचारा घरी जाऊन."

मी विचारणार नव्हते. पण त्यानं तेच आमच्या शेजारणीलाही सांगितलं आणि ते आईच्या कानावर गेलं. कुणाच्याशा डोहाळजेवणात तिनं बोटभर चिंचेची चटणी चाटली होती. तेवढ्यावरून तिनं स्वतःला दोषी ठरवलं. "माझंच चुकलं गं," म्हणायची आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. मोडलेल्या हाडाचं मला दुःख होतं, पण या वाक्यानं माझ्या तळपायाची आग मस्तकात जाई. हे वाक्य खोटं आहे, असं त्याच माणसाच्या तोंडून आईसमोर वदवून घ्यायचं, असं मी ठरवलं. त्याला रडवायचं हेही ठरवलं.

त्याच्या दवाखान्यात काचेचं कपाट होतं आणि त्यात एकच रंगीत डबा. तीच भुकटी डब्यात भरून तो परदेशी पाठवी. कपाटावर पाटी होती, 'अमेरिकेतही मान्यताप्राप्त'. मी भावाला फोन लावला. तो आधी काही वर्षं जर्मनीत होता. तो हसायलाच लागला. "जर्मनीत झाडपाल्याचं औषध विकायचं तर सरकारकडे नोंद करावी लागते, अगदी डॉक्टरसुद्धा ते लिहून देतात. इकडे अमेरिकेत ते खाण्याच्या वस्तूंत मोडतं. विकायच्या आधी कुणी मान्यताबिन्यता देत नाही. फक्त डब्यावर छापायचं, की हे कुठलाही रोग बरा करण्यासाठी नाही." त्यानं तिथल्या भारतीय वाण्याकडे जाऊन तो डबा शोधला. मागच्या बाजूला तसंच छापलेलं होतं. पंचवटीतल्या डब्याची ती बाजू भिंतीकडे होती.

मग मी औषध खात्यात तक्रार केली. तिथल्या इन्स्पेक्टरांनी नीट समजावलं. वैद्यानं आपल्या रोग्यासाठी स्वतः पुडी बनवली तर परवाना लागत नाही. डब्यात भरून विकायचं तर लागतो. संधिवात बरा करतो अशी जाहिरात कुणालाच करता येत नाही. आणि पुडीत स्टेरॉइड निघालं, तर मग वैद्याची खैर नाही. कधी येऊ, असं त्यांनी विचारलं.

"मंगळवारी या," मी म्हटलं. "सकाळी गर्दी असते."

मी ओट्यावर रोग्यांतच बसले होते. इन्स्पेक्टरांनी डब्याचा परवाना मागितला आणि वैद्याचा चेहरा उतरला. पण गडी हुशार. कपाट उघडून त्यानं डबा काढला, फिरवून पुढे धरला आणि म्हणाला, "साहेब, हे औषध नाहीच. खाण्याचं चूर्ण आहे. बघा ना, छापलंय त्यावर."

"इंग्रजी आहे, लोकांना कळत नाही," मी उभी राहून म्हटलं. "मी सांगते." आणि वर्गात सांगते तसं खणखणीत आवाजात सांगितलं.

मग नामपूरकडचे एक बाबा काठी टेकत उठले. "औषध नाय? मंग आमी इतके दिस उपाशीपोटी काय खात व्हतो?"

वैद्यानं डबा खाली ठेवला. तो घाम पुसत होता आणि मी ते डोळे भरून पाहत होते. मला लाज वाटली नाही, अजूनही वाटत नाही.

तपासणीत पुडीतून स्टेरॉइड निघालं. खटल्याची चाहूल लागताच तो आमच्या दारात आला. "ताई, तक्रार मागे घ्या. पाया पडतो."

"आधी आत चला," मी म्हटलं. "आईला खरं सांगा."

तो खाटेशी उभा राहिला. "आई, तुमचं पथ्य मोडलं नव्हतं. दोष पुडीत होता. माझ्या पुडीनंच तुमचं हाड गेलं."

इतके दिवस मी याच वाक्याची वाट बघत होते. मी आईकडे पाहिलं. तिनं हळूच पदर सावरला, चादरीखालून हात बाहेर काढला आणि मनगट त्याच्यापुढे धरलं.

"गुण यायचा हो, वैद्यबुवा," ती म्हणाली. "फार दुखतंय. एखादी पुडी असेल तर द्या ना."

मी त्याला हाताला धरून बाहेर काढलं. तक्रार मागे घेतली नाही. त्या दिवशी आई माझ्या हातचं जेवली नाही.