हेंड्रिकच्या आईचं नाव

शकू गेली तेव्हा मी नेदरलँड्समधल्या आमच्या बेस्ट गावच्या स्टेशनवर उभी राहून तिच्याशी भांडायची तयारी करत होते. भांडण डिंकाच्या लाडवांचं होतं. आदल्या दिवशी फोनवर ती म्हणाली होती, "तुझे लाडू माझ्याकडे आणू नकोस, इथे रस्त्याची दुरुस्ती चाललीय, त्यांना दे." आजारी बाईने इतकं खवचट असू नये. पण आजारपणाने शकू मवाळ झाली नव्हती, उलट जिभेला धार चढली होती. म्हणून मी हट्टाने नवा घाणा केला, मऊ, आणि तो चाखून ती काय तोंड करते ते बघायला ब्रेडाला निघाले होते. गाडी दिसायला लागली आणि निखिलचा, तिच्या मुलाचा, फोन आला. "मावशी, आई गेली. आत्ता, सकाळीच. झोपेत. She didn't suffer." परत फिरावं की पुढे जावं काही सुचेना... दारं उघडली, मी चढले. समोर बसलेल्या डच बाईने माझा चेहरा बघून विचारलं, सगळं ठीक आहे ना? मी डबा उघडून तिच्यापुढे धरला. तिने लाडू खाल्ला आणि छान आहे म्हणाली. हे ऐकायला शकू हवी होती.

आम्ही दोघी नवऱ्यांच्या नोकऱ्यांमागून या देशात आलो. माझा नवरा आइंडहोवनला यंत्रांच्या कारखान्यात, तिचा ब्रेडाला मालवाहतुकीच्या ऑफिसात. पहिली भेट एका शाळेच्या हॉलमधल्या गणपतीत झाली. आज मी तीन नातवंडांची आजी आहे आणि मला कशाचीच लाज वाटत नाही, पण तेव्हाची मी आठवली की वाटते. कांजीवरम, त्यावर नवऱ्याचं वाऱ्यापावसाचं जाकीट आणि नाक आभाळात. सायकल येत नव्हती, भाषा येत नव्हती, थर्मोस्टॅटला हात लावायला घाबरत होते. मग मिरवायला उरलं काय? पूर्वज! ओळख करून देताना मी प्रत्येकीला सांगत असे, "आमचे खापरपणजोबा पेशव्यांच्या दरबारात होते हं." शकू तेव्हा कागदी द्रोणांत खिरापत भरत होती. मान वर न करता तिने विचारलं, "होते ना? उभे होते की बसलेले?"

उभे की बसलेले, ते मला आजही ठाऊक नाही. त्या दिवसापासून मी तिची 'सरदारीणबाई' झाले. शकूचे वडील पुण्यात मोडी कागद वाचून द्यायचे आणि लहानपणापासून तीही त्यांच्या शेजारी बसून वाचायची. "दप्तरं बगलेत मारून लोक यायचे गं," ती सांगायची, "आणि प्रत्येकाला आपल्या घराण्यात सरदार हवा असायचा. आचारी कुणालाच नको. आता मला सांग, एवढ्या सरदारांना जेवायला घालत कोण होतं?"

तिच्या निखिलच्या बारशाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. बारशाला तिचे सासरे सासूबाईंना घेऊन भारतातून आले होते. या गृहस्थांनी तरुणपणी बायको माहेरी टाकून दिली होती आणि म्हातारपणी, भाकरी थापायला कोणी उरलं नाही तेव्हा, परत आणली होती. त्यांची इच्छा होती, इच्छा कसली, फर्मानच, की नातवाला त्यांचं नाव लागावं. सख्खी आत्या इथे नव्हती, म्हणून पाळण्याशी मला उभं केलेलं. एका बाजूने शकूचा नवरा कानाशी पुटपुटला, "बाबांचं नाव घ्या." दुसऱ्या बाजूने शकूने माझ्या पाठीला चिमटा काढला आणि दातांमधून म्हणाली, "निखिल. दुसरं काही बोललीस तर बघ." दरबारी घराण्यातल्या त्या शूर स्त्रीने काय केलं असेल? मी बाळाच्या कानाशी वाकले, "कुर्रर्र" केलं आणि मला जो खोकला लागला तो थांबेचना. काय नाव घेतलं ते कोणालाच कळलं नाही. शकूने एक क्षण माझ्याकडे असं बघितलं की मी आजही शहारते. मग स्वतःच सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "निखिल ठेवलंय हो! पेढे घ्या." सासरे उठून बाहेर गेले. सासूबाई मात्र पहिल्यांदाच हसल्या आणि त्यांनी दोन पेढे घेतले.

निखिल शाळेत जायला लागल्यावर शकूला घरात चैन पडेना. डच शिकली, सायकल शिकली, आणि एक दिवस ब्रेडाच्या अभिलेखागारात जाऊन विचारलं, काही काम आहे का? तिथलं जुनं डच अक्षर भल्याभल्या डच लोकांना वाचता येत नाही. हिला ते पाहून माहेरची आठवण झाली. "मोडीसारखंच," ती म्हणाली, "लिहिणाऱ्याला घाई आणि वाचणाऱ्याला शिक्षा." आधी फुकट, मग रीतसर धंदा म्हणून ती अमेरिकनांची घराणी शोधून द्यायला लागली. साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वी इथून गलबतात बसून हडसन नदीकाठी वस्ती करायला गेलेल्यांचे हे वंशज. त्यांना मूळ गाव हवं असतं, चर्चमधली बाप्तिस्म्याची नोंद हवी असते, आणि जमलं तर...सरदार.

वॉल्टर त्यांपैकीच, पण गोड माणूस. न्यू जर्सीचा निवृत्त दंतवैद्य, आपल्या कुलसंघाचा अध्यक्ष. त्यांचा मूळपुरुष हेंड्रिक व्हान ब्रेडा. घराण्यात पिढ्यानपिढ्या सांगितलं जायचं की हेंड्रिक म्हणजे ब्रेडाजवळच्या एका खंदकवाल्या गढीतला धाकटा मुलगा. पुरावा काय, तर नावातलं खानदानी वाटणारं 'व्हान', आणि त्या गढीत त्याच सुमारास जन्मलेला एक हेंड्रिक. शकू हसत सुटली. "वॉल्टर, आमच्याकडे याला ब्रेडाकर म्हणतात. आणि ब्रेडात राहणाऱ्याला कोणी ब्रेडाकर म्हणत नाही, गाव सोडून पोटामागे गेलेल्याला म्हणतात. गढीवाल्याला गाव कशाला सोडावं लागेल?" हे वॉल्टरला कळायला वेळ लागला. मला लगेच कळलं. माझ्या ओळखीचे सगळे नाशिककर पुण्यात राहतात.

मग तिने हेंड्रिकच्या अमेरिकेतल्या मुलांची नावं मागवली. तेव्हाची डच रीत आपल्यासारखीच, पहिल्या मुलांना आजोबांची नावं, मुलींना आज्यांची. हेंड्रिकला तीन मुलगे. एकाला बायकोच्या बापाचं नाव, दुसऱ्याला बायकोच्या भावाचं, तिसऱ्याला चक्क शेजाऱ्याचं. थोरली मुलगी मायकेन. ती तान्ही असतानाच गेली, तर पुढच्या मुलीचं नाव परत मायकेन. शकूने मला फोन केला. आवाज असा, जणू लॉटरी लागली. "सरदारीणबाई, तीन मुलगे झाले आणि स्वतःच्या बापाचं नाव एकालाही ठेवलं नाही. असं कोण करतं?"

"तू," मी म्हटलं.

"मीच! ज्या घरात आजोबांचं नाव ठेवत नाहीत, तिथे एक तर आजोबा नसतात, नाहीतर नाव घ्यायच्या लायकीचे नसतात. आणि मायकेन म्हणजे त्याची आई. मेली तरी पुन्हा ठेवलंन बघ ते नाव. गढीतली बाई तर आड्रियाना होती."

पुढे सगळं शिस्तीत सापडलं, कारण कुठे बघायचं ते आता ठाऊक होतं. गढीतला हेंड्रिक लहानपणीच वारला होता. त्याच्यासाठी चर्चची घंटा वाजवल्याची नोंद होती. आणि गावात, बिअरच्या भट्टीत पिंपं धुणाऱ्या मायकेनला हेंड्रिक नावाचा मुलगा होता. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आई होती, बापाची जागा कोरी.

वॉल्टर हे ऐकून खचला. कुलसंघाचे लोक वसंतात येणार होते, गढीच्या गावातल्या चर्चमध्ये हेंड्रिकच्या नावाची पितळी पाटी बसणार होती, परवानगी मिळाली होती. शकूच्या सहीचा अहवाल तेवढा हवा होता. तो ब्रेडाला आला तेव्हा मी तिथे होते. शकूला पलंगावरून उठवत नव्हतं, आजार शेवटाकडे चालला होता. त्याने काकुळतीने सांगितलं, त्याची आई नव्वदीची आहे, तिच्या उशाशी त्या गढीचं चित्र आहे. "फक्त 'शक्यता आहे' एवढं लिहा. खोटं नको, नुसती शक्यता."

"वॉल्टर," शकू म्हणाली, "शक्यता मेलेल्या पोराची असते का हो? आणि तुमच्या आईचं नाव पुढे करू नका, तिला विचारा. गढीत बसून राहिलेली पणजी हवी, की पिंपं धुऊन पोराला समुद्रापार पाठवणारी? बायकांना विचारा कधीतरी. पुरुष सगळे गढीचेच निघतात."

तो गेल्यावर निखिल चिडला. आल्मेरेच्या घरून रोज ॲम्स्टरडॅमला नोकरीवर आणि दर शनिवारी-रविवारी ब्रेडाला, अशा धावपळीत तो थकून गेला होता. "आई, let it go ना. चारशे वर्षं झाली. Who cares?"

"मग मी तुझं नाव कशाला भांडून ठेवलं?" ती म्हणाली आणि भिंतीकडे वळली. त्याने तिचं पांघरूण सारखं केलं. खोकलासुद्धा आला नाही मला.

ती गेल्यावर दोन आठवड्यांनी वॉल्टरची मेल आली. अगदी प्रेमाने लिहिलेली. संघाने ठरवलं होतं की पाटी गढीच्या गावातच लागेल, परंपरेला मान द्यायला हवा. पण खाली शकूचं पूर्ण नाव असेल, 'यांच्या संशोधनाच्या कृतज्ञ स्मरणार्थ'. पितळेत, कायमचं. निखिलने मला फोन केला. "मावशी, तिचं नाव इथे, या देशात, एका चर्चमध्ये. She would be there forever. काय करू?" त्याचा आवाज ओला होता. त्याला आई कुठेतरी हवी होती, दगडावर, पितळेवर, कुठेही. खरं सांगते, मलाही हवी होती. आमच्या पिढीतल्या बायकांची नावं इथे वीजबिलाशिवाय कुठे लागतात? मी म्हटलं, "तुझी आई आहे, तू ठरव." सल्ला द्यायचा मोह मी आयुष्यात पहिल्यांदा आवरला असेन. त्याने दोन दिवस घेतले. मग उत्तर लिहिलं आणि मला पाठवलं: 'माझ्या आईचं नाव लावायचं असेल तर मायकेनच्या शेजारी लावा. मायकेन नसेल तर आईही नाही.' मी ते वाचून स्वयंपाकघरात एकटीने टाळ्या वाजवल्या.

तर पाटी लागली. तिच्यावर गढी आहे, थोर कुळ आहे, आणि दोन्ही बायका नाहीत. आपण हरलो असं कोणी म्हणू नये. शकूचा अहवाल अभिलेखागारात रुजू आहे, आणि हेंड्रिकचा माग काढणाऱ्या माणसाला तो वाचल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. राहिला प्रश्न त्या चर्चचा.

शकूची एक सवय सांगायची राहिली. अभिलेखागाराच्या शांत खोलीत कोणाची नोंद सापडली की ती ते नाव मोठ्याने घ्यायची. मोठ्याने म्हणजे किती, तर लोक माना वळवून बघायचे. सोबत गेले की मी मेल्याहून मेल्यासारखी होत असे, तिला कोपराने ढोसत असे. ती म्हणायची, "अगं, इतकी वर्षं कोणी हाक मारली नाहीये त्यांना. ओरडले तर काय बिघडलं?"

परवा मी बस पकडून त्या चर्चमध्ये गेले. पाटी चांगली चकचकीत आहे. तिच्यासमोर उभी राहिले, पदर सारखा केला आणि हाक मारली, "मायकेन!" आवाज छतापर्यंत जाऊन परत आला. बरा आला, म्हणून आणखी एकदा, आणि मग "शकुंतला!" हातातली फुलदाणी खाली ठेवून तिथली देखभाल करणारे आजोबा लगबगीने आले. "मेव्राऊ, कोणाला शोधताय का?"

"नाही," मी म्हटलं, "सापडल्यात. या पाटीवर नाहीत एवढंच. वेळ आहे ना तुम्हाला? मी सगळं सांगितल्याशिवाय हलत नाही."