काळ्या कोटातला साहेब

आमच्या आबांना दिसत नाही हे आख्ख्या आचरा गावाला माहीत होतं; मान्य नव्हतं ते फक्त आबांना.

आबा म्हणजे माझे वडील. जन्मभर मचव्यावर तांडेल. अंधारात वाऱ्याचा वास घेऊन सुकाणू फिरवणारा माणूस मोतीबिंदूला काय भीक घालणार? खुंटीवरच्या माझ्या सदऱ्याला ते "बस रे, उभो कित्याक?" म्हणत, आणि सदरा बसला नाही की चिडत. हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. पण एके सकाळी विहिरीवर त्यांनी काठ समजून पुढचं पाऊल हवेत टाकलं. आईनं मागून धोतर धरलं म्हणून आबा वाचले. (धोतर वाचलं नाही.) त्या दिवसापासून आईच्या घशाखाली घास उतरेना.

ऑपरेशन मुंबईला करायचं, तर आगबोटीच्या भाड्यापासून चष्म्यापर्यंत सगळाच खर्च आमच्या आवाक्याबाहेरचा. पण मी मालवणच्या कचेरीत कारकून होतो! अर्ज कसा करावा हे मला नाही कळणार तर कोणाला? मी धर्मादाय संस्थांवर अर्जांचा मारा सुरू केला. एका संस्थेनं कळवलं, आमची मदत फक्त बाळंतिणींना. आई म्हणाली, "ह्येंका थयसर घेवन जावन मी काय करू?" दुसरीनं उलट आपलंच वर्गणीचं पावतीपुस्तक पाठवलं. शेवटी मुंबईतल्या आमच्या गाववाल्यांच्या मंडळानं कळवलं की, औषधपाण्याला मदत मिळेल. मात्र चिटणीस घरी येऊन रुग्णाची अवस्था स्वतः पाहतील.

"अवस्था" दाखवायची जबाबदारी अर्थातच मी घेतली.

"आबा, सायब इलो की काठी टेकीत भायर येवचा. दोनदा ठेचाळायचा. जमला तर पडायचा."

"मी? पडू?" आबा कडाडले. "वादळात मचव्यावर पडाक नाय, तो तुझ्या सायबासमोर पडू? माका सगळा दिसता!"

म्हटलं, असू दे. आपल्या वक्तृत्वावर आपला विश्वास आहे. हेडमास्तरांचा काळा कोट मागून आणला. त्याला डांबराच्या गोळ्यांचा असा वास होता की आमची मांजर दोन घरं सोडून राहायला गेली.

ठरल्या दिवशी चिटणीस आले. मी तो कोट चढवून मोटारीची वाट बघत होतो, आणि हा गृहस्थ साधा सदरा घालून, चपला हातात घेऊन, शेताच्या बांधावरून चालत आला! मूळचा मालवणजवळच्या देवबागचा. आल्या आल्या अस्सल मालवणीत म्हणाला, "काय आबानू, बरे आसात मा?"

आणि आबांनी घात केला. ताठ मानेनं खळ्यात, म्हणजे अंगणात, आले, वाटेतलं तुळशीवृंदावन सफाईनं टाळलं, कळशीतून तांब्या भरला. थेंब सांडला नाही! चाळीस वर्षांचं घर ते. डोळे कशाला लागतात? चिटणिसांच्या कपाळाला आठी पडली. "यांका तर चांगला दिसता की हो!"

आता मी पुढे झालो. छाती फुगवली, आवाज नाकात चढवला आणि कचेरीतलं मराठी सुरू केलं, "महोदय, माझं निवेदन एवढंच आहे की, प्रस्तुत रुग्णाची परिस्थिती अत्यंत शोचनीय असून..."

हा आवाज आबांनी जन्मात ऐकला नव्हता. (घरात असा बोललो असतो तर आईनं मीठमोहऱ्या ओवाळल्या असत्या.) समोर काळा अंधुक ठिपका, डांबराचा वास, तोंडात "महोदय"! आबांनी चटकन माझा हात धरला आणि घरातल्या एकुलत्या एका खुर्चीवर मला बसवलं.

"बसा, सायबानू, बसा!"

मी तोंड उघडणार तोच चिटणिसांनी ओठांवर बोट ठेवलं.

"माझ्या झिलाचा आयकू नकात," आबा मला सांगू लागले. "कारकून आसा. तोंडान दर्यापार, हातान कायएक नाय. तेणा माका शिकयल्यान, सायब इलो की ठेचाळान पड म्हणान!"

मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. चिटणीस हसू दाबत म्हणाले, "आबानू, तसा नाय..."

"गप रव रे मेल्या!" मालवणी बोलणारा हा गावातलाच कोणी, असं समजून आबा त्यांच्यावर खेकसले. "सायबांसमोर तोंड चालयतस? जा, शहाळा हाड सायबांक!"

आणि मंडळाचे चिटणीस मुकाट्यानं स्वयंपाकघरात गेले, आईकडून शहाळं घेऊन आले आणि अदबीनं माझ्या हातात दिलं! आई दाराआडून पदराचा बोळा तोंडात कोंबून बघत होती. मी ते शहाळं कसं प्यालो ते माझं मलाच ठाऊक.

मग आबा खाली वाकले. आवाज एकदम हलका झाला.

"सायबानू, खरा सांगतंय. माका कायएक दिसना नाय. वरीस झाला. पण झिलाक सांगू नकात. घाबरट आसा तो. माझ्या काळजीन तेका झोप येवची नाय."

मी शहाळं हळूच खाली ठेवलं. चिटणिसांनी तोंड फिरवून चष्मा पुसला आणि मला नुसती मान हलवून सांगितलं, झालं काम.

ऑपरेशन झालं, छान झालं. पट्टी सुटली, जाड भिंगांचा चष्मा आला. आबांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "वाळलंस रे." खरं काय ते त्यांना कधीच कोणी सांगितलं नाही, आईनं माझ्याकडून तशी शपथच घेतली होती.

पण पुढची पंधरा वर्षं, मी तोंड उघडलं रे उघडलं की आबा हात वर करून मला गप्प करत.

"त्या काळ्या कोटाच्या सायबाकडसून काय तरी शीक! केवढो मोठो माणूस, पण चकार शबूद बोलाक नाय. नुसतो आयकत रवलो."

त्या साहेबाच्या पासंगालाही मी जन्मभर पुरलो नाही!