दिवसा झोपणारा जनरेटर

महाकालीशी माझं बोलणं बंद होतं. लिहायला संकोच वाटतो, पण सुरुवात तिथूनच आहे. चंद्रपुरात मी लहानाचा मोठा झालो. मंडपवाल्याच्या खुर्च्या उचलल्या, पुढे गडचिरोलीच्या जंगलभागात एका सेवाभावी संस्थेच्या दवाखान्यात शिपाई म्हणून लागलो. आज तिथलं पाणी, वीज, गाड्या, खानावळ, पाहुण्यांच्या खोल्या, सगळं माझ्याकडे आहे. कोणत्या दुकानदाराला कुठे दाबायचं हे मला बरोबर कळतं, आणि देवीशीही मी तसाच वागत आलो. व्यवस्थापकाची जागा निघाली तेव्हा नवस बोललो, जागा मला दे, चैत्रात तुझी ओटी भरीन, जेवण घालीन. जागा मिळाली बाहेरून आलेल्या माणसाला. दवाखान्यामागची टाकी त्याला दाखवायलासुद्धा मीच गेलो. त्या दिवसापासून चंद्रपूरला गेलो तरी मी देवळाकडे वळायचा नाही. सौदा तिनं मोडला होता, मी कशाला जाऊ?

ही गोष्ट धानाची मळणी आटोपल्यानंतरच्या दिवसांतली. नागपूरहून सर्जन मंडळी शस्त्रक्रियेच्या शिबिराला आली होती आणि तो शेवटचा दिवस होता, संध्याकाळी ती परत जाणार होती. एकच रुग्ण राहिली होती, भामरागडच्या पलीकडची जुरी. तिच्या गळ्याला मोठी गाठ होती. खानावळीत पेज पिताना ती प्रत्येक घोटाला डोळे मिटायची, आणि ते पाहून वाढणाऱ्या बाया तोंड फिरवायच्या. सोबत तिचा बाप होता, लालसूदादा. गावच्या पेरम्यानं, म्हणजे पुजाऱ्यानं, देवाला विचारलं होतं आणि देवानं याच दिवसाला होकार दिला होता. तो दिवस टळला असता तर ही माणसं पुन्हा येणार नव्हती, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

सकाळी जुरीला टेबलावर घेणार, एवढ्यात वीज गेली. जंगलात कुठेतरी तार तुटली होती, संध्याकाळपर्यंत येणार नाही असं कळलं. जनरेटर सुरू केला तर तो खोकला, धूर सोडला आणि बंद पडला. बॅटरीवर चार दिवे लागतात, भूल देण्याचं यंत्र चालत नाही. हा जनरेटर बदला म्हणून मी नव्या साहेबांच्या मागे लागून थकलो होतो. अंगणात उभा राहून मी असा ओरडलो की खानावळीतले लोक बाहेर आले. पण वळून पाहिलं तर लालसूदादा गाठोडं बांधत होता.

"लाइट गेला," तो शांतपणे म्हणाला. "देवानं नाई म्हटलं. आमी जातो."

जुरी बाकावर बसून बापाकडे बघत होती. तिला बोलायलाही त्रास व्हायचा. मी दादाच्या हातातलं गाठोडं अक्षरशः हिसकावलं. म्हटलं, दुपारपर्यंत थांबा, मी लाइट आणतो. कुठून आणणार ते मला माहीत नव्हतं.

जीप काढली आणि चालवता चालवता एकेका मंडपवाल्याला फोन लावला. पण दिवस शंकरपटाच्या बैलशर्यतींचे, नाटकांचे आणि लग्नांचे, सगळ्यांचे जनरेटर बाहेर. एकाकडे मात्र होता. गेल्या वर्षी भाव पाडून पाडून मी त्याला रडवलं होतं. त्यानं माझा आवाज ओळखला आणि हसला. "तुमच्या रेटमधी आमचा जनरेटर सुरूच होत नाई भाऊ," म्हणाला आणि फोन ठेवला. दुप्पट देतो म्हणायला परत लावला, उचललाच नाही.

मोठ्या रस्त्याच्या वळणावर मोहाच्या झाडाखाली शेंदूर लावलेला एक दगड आहे. येणारे-जाणारे तिथे हात जोडतात. मी जीप थांबवली, पण हात जोडले नाहीत. सरळ भांडलो. म्हटलं, माझ्याजवळ आता तुला द्यायला काही नाही. नवस बोलणार नाही, ओटी भरणार नाही, चैत्रात येईन असंही कबूल करत नाही. त्या पोरीला घोटभर पेज सुखानं पिऊ दे. करायचं तर कर, नाहीतर राहू दे. एवढं बोलून मी खाली बसलो. गळ्यातून हुंदका आला, आणि तो रागाचा नव्हता.

मागून हॉर्न वाजला. एक ट्रक उभा होता. वर रंगवलेले पडदे, लाकडी फळ्या, ट्रंका, आणि मागे जोडलेल्या ट्रॉलीवर भलाथोरला जनरेटर! नाटक मंडळी होती. नेहमीच्या रस्त्यावर पुलाचं काम सुरू म्हणून ड्रायव्हर इकडून आला होता आणि पुढची वाट विचारत होता. मी वाट सांगितलीच नाही. ट्रॉलीला हात लावून भडाभडा सगळं सांगत सुटलो. कॅबिनमधून कंपनीची मालकीण उतरली. पन्नाशीची, ठसक्याची बाई, स्वतः नाटकात कामं करणारी. तिनं ऐकून घेतलं. मी थांबलो तो सवयीनं भाव करायला. भाडं काय घ्याल, डिझेल आमचं, जरा वाजवी लावा.

"भाव काऊन करून राह्यले भाऊ?" ती म्हणाली. "नाटक रातच्याले आहे. दिवसा तर हा झोपूनच राह्यते. चला."

मी तरी म्हटलं, "नाई बाई, पण काहीतरी आकडा..."

"आता आणखीन एक शब्द बोलले तर जनरेटर देईन, पन तुमाले इथीच सोडून जाईन."

ट्रकमधली सगळी मंडळी हसली. मीही हसलो, कित्येक महिन्यांनी.

ट्रक फाटकातून आत आला तेव्हा लालसूदादा चपला घालून उभा होता. आदल्या प्रयोगाआधी मंडळींनी पूजा केलेली, म्हणून जनरेटरवर हळदकुंकू होतं आणि झेंडूची माळ लोंबत होती. दादा ते कुंकू बघत राहिला. कोणी त्याला काही समजावलं नाही. त्यानं चपला काढल्या, ट्रॉलीजवळ गेला आणि चाकावर हात ठेवून खाली बसला. त्यांच्या लाइटवाल्यानं आणि आमच्या इलेक्ट्रिशियननं मिळून वायर जोडली. मशीन धडधडलं, आणि ऑपरेशन थिएटरच्या खिडकीत पांढरा उजेड पडला. जुरी स्वतःच्या पायांनी आत गेली. आत काम चालू होतं तोवर दादानं चाकावरचा हात काढला नाही.

सर्जन बाहेर येऊन सगळं नीट झालं म्हणाले, तेव्हा मी मुलासारखा उड्या मारत खानावळीत गेलो आणि मंडळींना जेवायला बसवलं. बाईनं जेवणाखेरीज एक पैसाही घेतला नाही. ट्रक गेला, धूळ खाली बसली, आणि लालसूदादानं मला हाक मारली.

"तू देवाले का देल्लं?"

मी म्हटलं, "काहीच नाई दादा. उलटा भांडलो."

"मंग देव घरचाच होय तुहा," तो म्हणाला. "घरच्याले कोन दाम देते?"

माझे डोळे भरून आले होते.

हा चमत्कार होता का, हे मी ठरवत नाही. पुलाचं काम सुरू होतं आणि ट्रक त्या वाटेनं आला, एवढं खरं. जागा अजून त्या साहेबांकडेच आहे, आणि ते सलत नाही असं म्हटलं तर खोटं होईल. दुकानदारांशी माझी घासाघीस चालूच असते, संस्थेचं काम आहे ते. पण देवळात महाकालीआईसमोर उभा राहून मी आता अटी घालत नाही. तिनं दिलं ते पदरात घ्यायचं, एवढं शिकतो आहे, आणि मला ते फार जड जातं.

काही दिवसांनी जुरी तपासणीला आली. खानावळीत बसून तिनं वाटीभर पेज एका दमात संपवली, वाटी माझ्यापुढे धरली आणि म्हणाली, "आनखी."