रविवारचा अभ्यास

लिफ्ट दुरुस्त करायचा म्हणून सगळे त्याला लिफ्टवालाच म्हणत. दिवसभर लोकांच्या इमारतींत वर-खाली करून तो संध्याकाळी आपल्या एका खोलीचं कुलूप उघडायचा. बायकोशी फारकत झाल्यापासून त्या खोलीत बोलणं असं नव्हतंच. मुलगी आईकडे राहायची आणि रविवारी त्याच्याकडे यायची.

तिला तो ठकू म्हणायचा. पूर्वी ती आली की दोघं तळ्याकाठी भटकायची, दमली की ती त्याच्या खांद्यावर बसायची. पाचवीत गेली आणि तिच्याबरोबर दप्तरही येऊ लागलं. आल्या आल्या ती टेबल अडवायची. गणितं, निबंध, नकाशे. "चल, जरा पाय मोकळे करू," म्हटलं की मान न उचलता म्हणायची, "खूप राहिलंय, बाबा."

एकदा तो अपूर्णांक समजावायला सरसावला. तिने त्याच्या हातून पेन्सिल काढून घेतली. "असं नाही. बाईंनी वेगळं शिकवलंय." तेव्हापासून तो रेडिओ बंद करून शेजारी नुसता बसून राही. दुपार कलली की तिचं पोट दुखायला लागायचं. शेवटी तो तिला डॉक्टरकडे घेऊन गेला.

"पोटात काही नाही," डॉक्टर म्हणाले. "शाळेचा ताण आहे का, ते बघा."

त्याचं डोकंच फिरलं. अर्धी रजा टाकून तो शाळेत गेला. "रविवारी तरी पोरांना श्वास घेऊ द्या की," तो बाईंना म्हणाला.

बाई गोंधळल्या. "शनिवारी मी गृहपाठ देतच नाही. तुमची मुलगी रोजचा अभ्यास रोज करत नाही. बोलणी खाते, आणि सोमवारी आठवड्याचा एकदम आणून देते."

पुढच्या रविवारी तो ठकूला सफरचंद कापून देताना म्हणाला, "बाईंना भेटून आलो."

तिची पेन्सिल थांबली. "रागावलास?"

"नाही गं. पण सगळं इथे का साठवून आणतेस?"

तिने सफरचंदाची एक फोड उचलली. "आई कामावरून येते तेव्हा दमलेली असते. मग परत लॅपटॉप उघडते. मी आतल्या खोलीत एकटीच. काही सुचतच नाही. इथे तू बसतोस ना शेजारी."

इतके रविवार आपण तिथे अडगळीसारखे बसलोय, असंच त्याला वाटत आलं होतं. तो उठून बशी धुवायला गेला आणि बराच वेळ धूत राहिला.

तिला पोचवताना तो दारातच तिच्या आईशी बोलला. ती तडकली. "म्हणजे मी लक्ष देत नाही, असंच ना?"

"तसं नाही. तू दमतेस, हे तीच म्हणाली."

तिने ठकूचं दप्तर आत सरकवलं. मग म्हणाली, "संध्याकाळी फोन लावत जा तिला. मला मात्र मध्ये घेऊ नकोस."

तेव्हापासून रोज संध्याकाळी फोन टेबलावर चालूच असतो. ती लिहिते, तो आपली हत्यारं पुसतो. खोडरबराची घासाघीस ऐकू येते. मध्येच ती विचारते, "बाबा, आहेस ना?"

"आहे."

पोटदुखी थांबली, बाईंची बोलणीही. दप्तर येईनासं झालं, पण मोकळ्या रविवारचं काय करायचं हे दोघांनाही पटकन उमगेना. दोघं तळ्याकाठी जाऊन आली, पण खांद्यावर बसायचं तिचं वय सरलं होतं. एका रविवारी ती मैत्रिणीकडे गेली, आली नाही. बरं झालं, पोरांत रमते आहे, असं त्याने स्वतःला सांगितलं आणि कपड्यांना इस्त्री करत बसला.

संध्याकाळी अभ्यास संपला की ती म्हणते, "झालं, ठेवते." मग खोली परत गप्प होते. तो हत्यारं पेटीत ठेवतो, आणि मग एकट्यापुरता भात टाकायला उठतो.